फुटलेला बांध आणि पेशीतील दुरुस्ती

भोर आणि वेल्हे परिसरातील भात पिकविणाऱ्या गावांना पावसाळ्यात खाचराचा बांध फुटणे नवीन नाही. पाऊस कोसळत असेल तर हाताशी सापडेल ते दगड-माती टाकून भगदाड तातडीने बुजवावे लागते. उसंत असेल तर शेजारचा धड बांध पाहून त्याच मापाने तो नीट उभारता येतो. आपल्या शरीरातील पेशींतही याच दोन रीतींनी दुरुस्तीचे काम अखंड चालू असते.

दुरुस्तीच्या दोन रीती

पेशीच्या केंद्रात डीएनए हा दुपेडी धागा असतो. मानवी पेशीतील ४६ गुणसूत्रांचा धागा सलग मांडल्यास तो सुमारे २ मीटर भरेल. क्ष-किरण, काही रसायने आणि पेशीचे स्वतःचे व्यवहार यांमुळे तो अधूनमधून तुटतो. एकच पेड तुटला तर दुसऱ्याच्या आधारे तो सांधता येतो. दोन्ही पेड एकाच जागी तुटले तर मात्र धोका मोठा असतो.

अशा वेळी ‘कू’ नावाचे प्रथिन मोकळी टोके पकडते आणि इतर प्रथिने ती एकमेकांस जोडतात. हे काम झटपट होते. परंतु सांध्यावरील काही अक्षरे गळतात किंवा नवी घुसतात. दुसरी रीत अचूक, पण सावकाश आहे. विभाजनापूर्वी पेशी डीएनएची दुसरी प्रत तयार करते. त्या प्रतीवरून तुटलेला भाग जसाच्या तसा भरून काढला जातो.

परका तुकडा

पुराच्या पाण्यातून आलेला ओंडका भगदाडात अडकून बांधाचाच भाग व्हावा, तसा परका डीएनए तुटलेल्या जागी सांधला जाऊ शकतो. ह्यूमन पॅपिलोमा विषाणूच्या बाबतीत असे घडते. लैंगिक संबंधातून पसरणारा हा विषाणू अत्यंत सर्वसामान्य आहे. बहुतेक स्त्रियांच्या शरीरातून तो एक-दोन वर्षांत आपोआप नाहीसा होतो. परंतु तो दीर्घकाळ टिकून राहिल्यास त्याचा सुमारे ८ हजार अक्षरांचा डीएनए पेशीच्या गुणसूत्रात जोडला जाण्याचा संभव असतो. या जोडणीत विषाणूच्या दोन जनुकांवरील लगाम बहुधा सुटतो. त्यांतील एका जनुकाचे प्रथिन ‘पी-५३’ या पहारेकरी प्रथिनाचा नाश करते. धागा तुटला असता पेशीचे विभाजन थांबविणारे हे प्रथिन नष्ट झाल्यावर चुका साचत जातात आणि पुढे गर्भाशयमुखाचा कर्करोग उद्भवतो.

हाती असलेला अवधी

या साऱ्या प्रक्रियेला बहुधा १० ते २० वर्षे लागतात. हा अवधी किती मोलाचा आहे, हे आपल्याच राज्याने जगाला दाखवून दिले. तत्कालीन उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात १९९९ पासून ३० ते ५९ वर्षे वयाच्या १ लाख ३१ हजारांहून अधिक स्त्रियांचा अभ्यास झाला. बार्शीचे कर्करोग रुग्णालय व मुंबईचे टाटा स्मारक केंद्र त्यात सहभागी होते. विषाणूच्या डीएनएची एकदाच तपासणी झालेल्या गटात या रोगाने होणारे मृत्यू जवळजवळ निम्म्याने घटले, असा निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाला.

आता प्रतिबंधक लसही उपलब्ध आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने तयार केलेल्या लसीस २०२२ मध्ये मान्यता मिळाली. लसीमुळे परका डीएनए शरीरात जाईल, अशी शंका घेण्याचे कारण नाही. तिच्यात विषाणूचे केवळ पोकळ कवच असते. गुणसूत्रात शिरू शकेल असा विषाणूचा डीएनए त्या कवचात नसतो. विषाणूशी संबंध येण्यापूर्वी, म्हणजे ९ ते १४ या वयात ही लस सर्वाधिक उपयोगी ठरते. लस झालेली रोगबाधा मात्र बरी करीत नाही. म्हणून तिशीनंतरची तपासणी तितकीच आवश्यक आहे.

गुणसूत्रात एकदा सांधला गेलेला तुकडा काढून टाकण्याचा सोपा उपाय आजही नाही. म्हणूनच शिक्षकांनी शाळेत आणि पंचायत सदस्यांनी ग्रामसभेत हा विषय संकोच न बाळगता मांडला पाहिजे. बांधाची डागडुजी पावसाआधी करावी, हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. आरोग्याच्या बाबतीतही तेच शहाणपण उपयोगी पडेल.