‘आवडतं’ म्हणजे नक्की किती?

मी मनोविकारतज्ज्ञ नाही. पण स्किझोफ्रेनियाच्या काही गोळ्यांनी वजन आणि साखर वाढते, म्हणून हे रुग्ण माझ्याकडेही येतात. कळव्याच्या आमच्या ओपीडीत मुंब्रा-दिव्याहून मुलाला घेऊन आलेल्या आईची तक्रार बहुतेक वेळा तीच असते : “कानात आवाज येणं थांबलं, पण आता कशातच मन लागत नाही. आळशी झालाय हो.”

तो आळस नसतो. भास औषधांनी बरेच आटोक्यात येतात. आतून काही करावंसं वाटणं तितक्या सहज परतत नाही. अशाच एका मुलाला मी विचारलं, “व्यायाम आवडतो का?” त्याने आधी आईकडे पाहिलं. “हो डॉक्टर, आवडतो.” वजनकाटा मात्र वेगळंच सांगत होता.

मग ही ‘आतली ओढ’ मोजायची कशी? त्यासाठी रिचर्ड रायन यांच्या 1982 च्या संशोधनापासून वापरात असलेली एक प्रश्नावली आहे. 2010 मध्ये जिमी चोई, तामिको मोगामी आणि अ‍ॅलिस मेडालिया यांनी ती स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांसाठी 21 विधानांची केली. काम आवडलं का, उपयोगाचं वाटलं का आणि स्वतःच्या मर्जीने केलं का, हे रुग्णाने स्वतःच 1 ते 7 गुणांत सांगायचं. या आजारात रुग्णाचा शब्द ग्राह्य धरावा का, अशी शंका नेहमी घेतली जाते. म्हणून आधी मोजपट्टीचीच परीक्षा झाली.

ही परीक्षा बीपीच्या यंत्रासारखीच. जाड दंडाला लहान कफ लावला, तर दाब दरवेळी जास्तच दिसतो. आकडा पुन्हा पुन्हा तोच येतो, म्हणजे यंत्र भरवशाचं. पण आकडा चुकीचाच. प्रश्नावलीतही उत्तरं काही दिवसांनी तशीच येणं पुरेसं नसतं. ओढ आहे असं सांगणारा रुग्ण उपचारांना खरंच जास्त हजर राहतो का, हेही त्या संशोधकांनी ताडून पाहिलं. आणि तसं आढळलं.

मराठीत आणताना खरी कसोटी. नुसतं भाषांतर चालत नाही; मूळ इंग्रजी न पाहिलेल्या माणसाकडून ते उलट इंग्रजीत करून घ्यावं लागतं. तरी अडचणी उरतात. ‘हे काम कंटाळवाणं होतं’ यावर ‘अजिबात खरं नाही’ असं म्हणणं म्हणजे काम आवडणं. कमी शिकलेला माणूस इथे हमखास गोंधळतो. आणि ‘मर्जीने केलं’चं काय? आपल्याकडे ‘आईने सांगितलं म्हणून केलं’ यात सक्ती असेलच असं नाही. माझ्या मते सगळ्यात जास्त घासून पाहावा असा भाग हाच.

पुढच्या भेटीत आईला बाहेर बसवून त्या मुलाला तोच प्रश्न पुन्हा विचारला.

“कंटाळा येतो,” तो म्हणाला. मग थोडं थांबून, “संध्याकाळी मैदानावर क्रिकेट बघायला जातो.”

“रिक्षाने?”

“नाही. चालत.”