पाऊल ऐकत नाही तेव्हा...

मित्रांनो, कोपर वाकवून जड दप्तर एका हाताने उचला आणि दुसऱ्या हाताने दंड चाचपून पाहा. पुढचा स्नायू घट्ट लागतो, मागचा सैल. आता दप्तर ठेवा आणि तळवा बाकावर जोरात दाबा. झालं ना उलटं? एकाने आवळायचं तेव्हा दुसऱ्याने सोडायचं, असा हुकूम मेंदू देत असतो. पण दोघांनाही एकदमच 'आवळ' असा हुकूम गेला तर? मग मान, हात किंवा पाऊल आपोआप पिळलं जातं. याला म्हणतात डिस्टोनिया. तो एकाचा दुसऱ्याला लागत नाही, बरं का!

माझ्या वर्गात एक मुलगी होती. सकाळी प्रार्थनेला ताठ उभी. पण शेवटच्या तासापर्यंत तिचं डावं पाऊल आत वळायचं, टाच टेकायची नाही. तो तास खेळाचा. एकदा मी म्हटलं, “खेळाच्या तासालाच बरा दुखतो गं पाय तुझा!” सगळा वर्ग हसला. ती नुसती खाली बघत उभी राहिली.

पुढे मेंदूविकारतज्ज्ञांनी सांगितलं, की ही डिस्टोनियाचीच एक जात आहे. दिवस कलेल तशी वाढते, झोपेनंतर उतरते. जपानच्या डॉ. मासाया सेगावा यांनी १९७०च्या दशकात तिचं वर्णन केलं. या मुलांच्या मेंदूत डोपामिन नावाचं रसायन कमी पडतं. लेव्होडोपा या औषधाची छोटीशी मात्रा सुरू झाली आणि आमची मुलगी चक्क धावू लागली! तेव्हा पालकहो, मूल सकाळी बरं आणि संध्याकाळी लंगडत असेल, तर त्याला नाटक म्हणू नका. डॉक्टरांना वेळेसकट सांगा.

प्रत्येकालाच ही गोळी लागू पडत नाही. लिऑन फ्लायशर हे अमेरिकेतले नामवंत पियानोवादक. १९६४ साली त्यांच्या उजव्या हाताची अनामिका आणि करंगळी आत वळू लागली. पियानोवादकाची बोटं हो! त्यांनी मग डाव्या हाताने वाजवलं, विद्यार्थी घडवले, वाद्यवृंदाचं संचालन केलं. पुष्कळ वर्षांनी बोट्युलिनमची इंजेक्शनं घेतल्यावर बोटं सैल झाली. (हे खरं तर विष, पण अगदी सूक्ष्म प्रमाणात औषध! परिणाम काही महिनेच टिकतो, मग पुन्हा सुई.) आजार गेला नव्हताच. तरी २००४ साली त्यांची ध्वनिमुद्रिका निघाली. तिचं नाव माहितेय? ‘टू हँड्स’, म्हणजे दोन हात!