माळ्यावरची घोंगडी

नव्या ब्लॉकमध्ये सामान लावताना पहिली गदा येते ती जुन्या पांघरुणांवर. भाईंदरच्या दोन खोल्यांत माळा तो केवढा! सासूबाईंची घोंगडी आणि त्यांच्या लग्नातली सोलापुरी चादर बोहारणीला देऊन टाकावी, असा ठराव आमच्या घरात दोनदा झाला. मी तो हाणून पाडला. सासूबाई आता ब्याऐंशीच्या. दुलई दिली, तरी गुडघ्यांवर त्यांना घोंगडीच लागते.

आणि ती काही साधी वस्तू नव्हे, मैत्रिणींनो. दख्खनी मेंढीची लोकर धनगरांनी कातरायची, बायकांनी सूत काढायचं, सणगरांनी खड्डामागावर विणायचं. ताण्याला चिंचोक्याची खळ. म्हणून नवी घोंगडी ताठ असते, टोचते. वापरून मऊ येते. आमच्या घोंगडीचा काळा रंग मेंढीचाच, त्यामुळे धुताना रंग जायची भीती नाही.

सोलापुरी चादर निव्वळ सुती. जकार्ड मागाला भोकं पाडलेले पुठ्ठे लावून नक्षी उठवतात. उलटी केली की तीच नक्षी, फक्त रंगांची अदलाबदल! तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी सोलापुरात हा धंदा वाढवला. 2005-06 साली तिला भौगोलिक मानांकनही मिळालं. पण आता बहुतेक माल यंत्रमागाचा, म्हणून घरात हातमागाची असेल तर जपाच.

लोकर अस्सल का, हे पाहायला कडेचा एक धागा चिमट्यात धरून जाळावा. केस जळल्याचा वास आला तर लोकर, कागदासारखा आला तर सूत, वितळून गोळी झाली तर नायलॉनसारखं काहीतरी.

आपल्याकडे खाडीची दमट हवा. पावसाळ्यात कपाटसुद्धा ओलसर लागतं. सुती चादरीला बुरशी धरते, लोकरीला कसर. लोकर खाते ती अळी, उडणारा पतंग नव्हे. म्हणून नुसत्या डांबरगोळ्या टाकून निर्धास्त राहू नये. (त्या लहान मुलांच्या हाती लागू देऊ नयेत, हे वेगळं सांगायला नको.) पावसाळा सरला की घोंगडी उन्हात टाकून दोन्हीकडून ब्रशने झाडावी. अळ्या-अंडी पडून जातात. मग पूर्ण गार झाल्यावर जुन्या धुवट साडीत गुंडाळावी. प्लॅस्टिकच्या पिशवीत मुळीच नको, आत दमट राहते. चादर मात्र सावलीत वाळवा.

घोंगडी धुवायचीच झाली तर गार पाणी, रिठे, आणि पिळायचं नाही. गरम पाण्यात चोळली की आटून जाड होते. भोक पडलं तर तिच्याच दशांतला धागा काढून रफू करावं. दुकानातली लोकर लांबूनसुद्धा वेगळी दिसते.