लाल रंगच सांगतो पत्ता!

निपाणीकडच्या एखाद्या आजीला विचारा, "बाळाच्या गालावर हा लाल डाग कशानं आला?" उत्तर तयार असतं: "गिऱ्हाण पाळलं नसंल की आईनं!"

बिचारं ग्रहण! त्याचा इथं काडीचाही संबंध नाही. बाळ पोटात असतानाच कातडीखालच्या अगदी बारीक रक्तवाहिन्या एखाद्या जागी रुंद होतात. त्यांत रक्त जास्त मावतं आणि वरून लाल-जांभळं दिसतं. हजारातल्या साधारण तीन बाळांना असा डाग असतो. बहुतेकदा एका जनुकातला छोटासा बदल त्यामागे असतो, हे 2013 मध्ये कळलं. डाग घासून जात नाही आणि हात लावला म्हणून कुणाला लागतही नाही. तेव्हा वर्गातल्या मित्राला असेल, तर खुशाल त्याच्या शेजारी बसून डबा खा!

असा डाग फिकट करायला लेसर वापरतात. पण प्रत्येक लाल डागाला लेसर लागत नाही. जन्मानंतर काही आठवड्यांनी वाढू लागणारे फुगीर लाल डाग बहुतेक वेळा काही वर्षांत आपोआप ओसरतात. म्हणून आधी कातडीचे डॉक्टर तपासतात. बेळगावच्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजात त्यांचा स्वतंत्र विभागच आहे.

आता खरी गंमत. वाहिन्या आत, कातडी वर. मग कातडीला धक्का न लावता आत पोचायचं कसं?

उन्हात काळा शर्ट जास्त तापतो, कारण तो जास्त प्रकाश शोषतो. तसं रक्तातलं लाल हिमोग्लोबिन पिवळा प्रकाश भरपूर शोषतं. याच गुणाचा उपयोग करण्याची युक्ती रॉक्स अँडरसन आणि जॉन पॅरिश या अमेरिकन संशोधकांनी 1983 मध्ये मांडली. लेसरनं 595 नॅनोमीटरचा पिवळा प्रकाश सेकंदाच्या हजाराव्या भागाएवढाच लखकन चमकवायचा. रक्त तापतं, वाहिनीची भिंत भाजते आणि उष्णता शेजारी पसरायच्या आत प्रकाश बंद!

जागा काही दिवस जांभळी दिसते. मग शरीर हळूहळू सफाई करतं. असं अनेकदा करावं लागतं. डाग बराच फिकट होतो, पण दरवेळी पुरता जातोच असं नाही.

आपल्या सावळ्या कातडीतलं मेलॅनिनही हाच प्रकाश शोषतं. म्हणून डॉक्टर वरची कातडी गार करत, बेतानं लेसर मारतात. डोळ्यांवर खास चष्मा हवाच.

आता एक कोडं. बारामतीत जन्मलेल्या आणि पुण्यात इंजिनिअरिंग शिकलेल्या कुमार पटेल यांनी 1964 मध्ये कार्बन डायऑक्साइड लेसर शोधला. त्याचा अदृश्य प्रकाश पाणी शोषून घेतं. आपल्या कातडीत पाणी तर सगळीकडेच! मग लाल डागासाठी हा लेसर का चालणार नाही? करा विचार!