छत्तीस रविवार आणि दोन फेऱ्या

२ नोव्हेंबर २०२५. अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात, फिनिक्सच्या एक मैल लांबीच्या ट्रॅकवर नॅसकारच्या स्टॉक कार शर्यतींच्या हंगामातली शेवटची शर्यत चालू होती. डेनी हॅमलिन पुढे होता. त्या दिवशी २०८ फेऱ्या त्याने आघाडीवर राहून काढल्या होत्या. कारकिर्दीत ६० विजय, पण वार्षिक जेतेपद एकदाही नाही. आता तीनच फेऱ्या उरल्या होत्या. तेवढ्यात विल्यम बायरनचा टायर बसला, त्याची गाडी भिंतीला धडकली आणि सगळ्यांना वेग आवरायला लावणारा पिवळा झेंडा फडकला.

आघाडीच्या गाड्या पिटमध्ये शिरल्या. हॅमलिनच्या माणसांनी चारही टायर बदलले, काइल लार्सनच्या माणसांनी दोनच. दोन टायरना वेळ कमी लागतो, म्हणून शर्यत पुन्हा सुरू झाली तेव्हा लार्सन पाचवा होता आणि हॅमलिन दहावा. राहिल्या दोन फेऱ्या. त्यांत लार्सन तिसरा आला, हॅमलिन सहावा. शर्यत रायन ब्लेनीने जिंकली, पण नियमाप्रमाणे जेतेपदाचा फैसला या एका शर्यतीत आधीच ठरलेल्या चौघांमध्ये व्हायचा होता. त्यांत पुढे राहिला म्हणून वर्षाचा विजेता ठरला लार्सन. त्या दिवशी तो एकही फेरी पुढे नव्हता आणि मे महिन्यानंतर त्याने एकही शर्यत जिंकली नव्हती.

यात कुणी लबाडी केली नाही. लार्सन उत्तम चालक आहे आणि नियम सगळ्यांना आधीपासून माहीत होता. चाहत्यांचा राग होता तो त्या नियमावर आणि तो करणाऱ्यांवर. छत्तीस शर्यतींची मेहनत दोन फेऱ्यांच्या ताब्यात का द्यायची, हा त्यांचा प्रश्न होता. मला तो रास्त वाटतो.

स्टॉक कार म्हणजे मुळात दुकानात मिळते तशी, साधी गाडी. दारूबंदीच्या काळात अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या डोंगराळ भागात हातभट्टीची दारू वाहून नेणारे लोक अशाच गाड्या आतून ताकदवान करत आणि पोलिसांना गुंगारा देत. पुढे याच गाड्या मातीच्या ट्रॅकवर एकमेकींशी भिडू लागल्या. बिल फ्रान्स यांनी डिसेंबर १९४७ मध्ये फ्लोरिडातल्या डेटोना बीचच्या एका हॉटेलात सगळ्यांना एकत्र बसवलं आणि १९४८ मध्ये नॅसकारची रीतसर नोंदणी झाली. १९ जून १९४९ रोजी शार्लटला झालेल्या पहिल्या मोठ्या शर्यतीत ग्लेन डनवे तब्बल तीन फेऱ्यांच्या फरकाने पहिला आला. तपासणीत मात्र दारूचं वजन पेलण्यासाठी मजबूत केलेल्या स्प्रिंगा सापडल्या. डनवे बाद झाला आणि जिम रोपर विजेता ठरला. गाडीचा मालक कोर्टात गेला, पण दावा फेटाळला गेला. नियम करणार नॅसकार आणि निकालही देणार नॅसकारच, हे तेव्हाच पक्कं झालं.

ही सत्ता एका घराण्याकडे राहिली. बिल फ्रान्स, मुलगा बिल ज्युनियर, नातू ब्रायन आणि २०१८ पासून धाकटा मुलगा जिम. १९६१ मध्ये कर्टिस टर्नरने चालकांची संघटना बांधायला घेतली, तर त्याच्यावर आजीवन बंदी आली. ती उठायला चार वर्षं गेली. १९६९ मध्ये टॅलाडेगाच्या नव्या ट्रॅकवर भन्नाट वेगात टायर फाटू लागले, म्हणून रिचर्ड पेटीसह बरेच नामांकित चालक निघून गेले. बिल फ्रान्स यांनी मिळतील ते चालक घेऊन शर्यत पार पाडलीच.

तरीही लोक या खेळाशी बांधलेले राहिले, कारण हिशेब सरळ होता. वर्षभर गुण जमवा, ज्याचे जास्त तो विजेता. २००३ मध्ये मॅट केन्सेथने एकच शर्यत जिंकून जेतेपद मिळवलं, तर आठ शर्यती जिंकणारा रायन न्यूमन मागे राहिला. ही त्रुटी खरी होती, पण तिच्यावरचा इलाज दुखण्यापेक्षा भारी ठरला. २००४ पासून शेवटच्या दहा शर्यतींसाठी गुणांची नवी मांडणी आली. २०१४ पासून सोळा जणांची बाद फेरी आणि शेवटच्या एका शर्यतीत चौघांमध्ये फैसला. एक विजय मिळाला की बाद फेरीत प्रवेश जवळपास पक्का असे. २०२४ मध्ये गुणतक्त्यात चौतिसावा असलेला हॅरिसन बर्टन डेटोनाची एक शर्यत जिंकून आत आला.

अशा रचनेत मोहाचे क्षणही वाढतात. २०१३ मध्ये रिचमंडला सात फेऱ्या उरल्या असताना क्लिंट बोयरची गाडी गरकन फिरली. त्यामुळे पिवळा झेंडा दाखवावा लागला आणि त्याचा फायदा त्याच्याच संघातल्या सहकाऱ्याला झाला. चौकशीनंतर संघाला तीन लाख डॉलर दंड झाला, सहकारी बाद झाला आणि शेवटच्या दहा शर्यतींसाठीच्या बारा जणांच्या यादीत जेफ गॉर्डनचं तेरावं नाव घालावं लागलं. निकाल मैदानात लागतो की कचेरीत, हा संशय चाहत्यांच्या मनात तेव्हापासून घर करून आहे.

दुसरी जखम जागांची. नॉर्थ कॅरोलिनातला नॉर्थ विल्क्सबरोचा ट्रॅक १९४७ चा. पुढच्या सरळ भागात गाडी उतारावर धावते आणि मागच्या भागात चढ चढते. असा ट्रॅक नकाशावर आखून होत नाही, ती त्या जमिनीचीच ठेवण. १९९५-९६ मध्ये दोन धनाढ्यांनी तो निम्मा-निम्मा विकत घेतला आणि त्याच्या दोन्ही तारखा टेक्सास व न्यू हॅम्पशायरला नेल्या. सप्टेंबर १९९६ मध्ये शेवटची शर्यत झाली आणि मग तिथे तण माजलं. डार्लिंग्टनच्या ट्रॅकवरची १९५० पासूनची कामगार दिनाच्या सुट्टीतली शर्यतही त्या सुट्टीतून हलवली गेली. आपल्याकडे गावच्या जत्रेची तारीख दुसऱ्या गावाला विकली तर काय होईल, याचा विचार केला की त्या लोकांचं दुःख कळतं.

पण याच दोन ठिकाणी पुढे चाहत्यांच्या मनासारखंही झालं. डार्लिंग्टनची तारीख २०१५ मध्ये परत आली. नॉर्थ विल्क्सबरोचं तण काढायला २०१९ मध्ये नामांकित चालक डेल अर्नहार्ट ज्युनियर स्वतः माणसं घेऊन उतरला. राज्याने १ कोटी ८० लाख डॉलर दिले आणि मे २०२३ मध्ये तिथे पुन्हा नॅसकारच्या मुख्य गाड्या धावल्या.

नॅसकारच्या सत्तेचा प्रश्नही पुन्हा कोर्टात गेला. बास्केटबॉलपटू मायकेल जॉर्डन आणि हॅमलिन यांच्या संघाने आणखी एका संघासह ऑक्टोबर २०२४ मध्ये नॅसकारवर मक्तेदारीचा दावा लावला. डिसेंबर २०२५ मध्ये शार्लटच्या कोर्टात सुनावणी सुरू झाली आणि काही दिवसांतच समझोता झाला. संघांना शर्यतींत उतरण्याचे कायमस्वरूपी हक्क मिळाले. पाठोपाठ जानेवारी २०२६ मध्ये नॅसकारने बाद फेरी आणि एका शर्यतीचा फैसला रद्द केला. आता शेवटच्या दहा शर्यतींचे गुण मोजायचे आणि विजयाला ५५ गुण.

संघांकडे वकील होते, म्हणून त्यांना हक्क मिळाले. प्रेक्षकाकडे फक्त तिकीट असतं. निदान पुढची काही वर्षं हे नियम कुणी हलवू नयेत, एवढीच त्याची मागणी आहे. डनवेला बाद करणारा निर्णय कडू होता, पण बघणाऱ्याला कारण कळत होतं: गाडीत नको ती स्प्रिंग होती. हॅमलिन का हरला, हे फिनिक्सला बसलेल्या बापाने शेजारच्या पोराला कसं समजावलं असेल? ते एका वाक्यात सांगता येईल, असा खेळ त्या लोकांना परत हवा आहे.