बिटकॉइनचे चढउतार आणि घराची झोप



आरोग्याच्या पानावर बिटकॉइन कशाला, असे काही वाचकांना वाटेल. पण झोप उडणे, रक्तदाब वाढणे, घरात रोज खटके उडणे यामागे पुष्कळदा पैशाची काळजी असते. आता ही काळजी मोबाईलमधूनही घरात येऊ लागली आहे. शे-दोनशे रुपयांतही कॉइन घेता येते, त्यामुळे वस्तीतली कमावती मुलेही त्यात उतरतात. म्हणून हा बाजार कसा चालतो ते आपण समजून घेऊ.

भाव चढतो कशाने, पडतो कशाने?

आपल्या भागातली माणसे गलाईच्या धंद्यासाठी देशभर गेली. सोन्या-चांदीचा भाव खालीवर होतो, हे कडेगावला कोणी शिकवायला नको. मात्र सोन्याचा दागिना होतो, अडीनडीला तो गहाण ठेवता येतो. बिटकॉइन ही 2009 साली सुरू झालेली, फक्त संगणकावरच्या नोंदीत असणारी वस्तू आहे. तिच्यामागे सरकार नाही, बँक नाही. दुसरा कोणी जास्त पैसे द्यायला तयार असेल, तेवढाच तिचा भाव.

एकूण 2 कोटी 10 लाखांपेक्षा जास्त बिटकॉइन कधीच निघणार नाहीत, असा तिचा नियम आहे. ज्यांचे संगणक ही नोंदवही चालवतात त्यांना बक्षीस म्हणून नवे कॉइन मिळतात. साधारण चार वर्षांनी हे बक्षीस निम्मे होते. सुरुवातीला ते 50 होते. 2012, 2016, 2020 आणि एप्रिल 2024 मध्ये ते निम्मे-निम्मे होत 3.125 वर आले. नवा माल कमी येणार म्हटल्यावर भाव वाढेल या आशेने लोक खरेदी करतात. भाव वाढला की बातम्या येतात, बातम्या वाचून आणखी लोक येतात. सगळ्यात शेवटी आपल्यासारखी माणसे येतात. तोवर आधी घेतलेले विकू लागतात आणि भाव कोसळतो.

डिसेंबर 2017 मध्ये एका बिटकॉइनचा भाव 19 हजार डॉलरच्या वर गेला होता. वर्षभरात तो सव्वातीन हजारांच्या आसपास आला. नोव्हेंबर 2021 मध्ये तो 68 हजारांच्या वर गेला आणि पुढच्या नोव्हेंबरात 16 हजारांच्या खाली उतरला. नंतर तो पुन्हा चढला आणि डिसेंबर 2024 मध्ये एक लाख डॉलरच्या पुढे गेला.

थांबणे कोणाला परवडते?

“थांबलात तर पैसे परत येतात,” असे सांगणारे हे शेवटचे वाक्य पुढे करतात. पण किती थांबायचे? 2017 च्या शिखरावर ज्याने पैसे घातले, त्याला तोच भाव पुन्हा दिसायला तीन वर्षे लागली. 2021 च्या शिखरावर घातले, त्याला सव्वादोन वर्षांहून जास्त लागली. दहा हजारांचे दोन हजार झाले, तर पुन्हा दहा हजार व्हायला भाव पाचपट व्हावा लागतो.

आता आपल्या घराचा हिशेब पाहा. बचत गटाचा हप्ता महिन्याला येतो, फायनान्सवाला दर आठवड्याला दारात उभा राहतो, मुलांची फी जूनमध्ये भरायची असते. ज्याच्याकडे पडून राहिलेला पैसा आहे तो तीन वर्षे थांबतो. ज्याचा पैसा हप्त्याचा आहे त्याला पडत्या भावातच विकावे लागते. बाजार एकच, पण पडझड गरिबाला जास्त लागते ती यामुळे.

शिवाय हे चक्र म्हणजे ऋतू नव्हे. आजवर अशी मोजकीच चक्रे झाली आहेत. 2024 मध्ये तर बक्षीस निम्मे होण्याआधीच, मार्चमध्ये, भावाने जुना उच्चांक मोडला. आणि परत चढला तो बिटकॉइन. लुना नावाचे कॉइन मे 2022 मध्ये काही दिवसांत जवळजवळ शून्यावर आले. त्यात पैसे घातलेल्यांना थांबूनही काही मिळाले नाही.

बाबासाहेबांनी 1923 साली ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ या ग्रंथात रुपयाच्या किमतीचा प्रश्न मांडला. पैशाची किंमत घसरली की त्याचा भुर्दंड मजुरी करणाऱ्याला बसतो, हे त्यांनी त्यात दाखवले. कॉइनकडे पाहतानाही हा विचार सोबत ठेवावा.

तेजीत येणारे फसवे

भाव चढतो तेव्हा फसवणारेही पुढे येतात. ‘गेनबिटकॉइन’ ही योजना अमित भारद्वाज याने 2015 च्या सुमारास सुरू केली. बिटकॉइन द्या, दीड वर्ष दरमहा 10 टक्के मिळवा, असे तिचे आमिष होते. एकाने दुसऱ्याला आणायचे, अशी ती साखळी होती. पुढे बिटकॉइनऐवजी ‘एमकॅप’ नावाचे स्वतःचेच कॉइन लोकांच्या माथी मारले गेले. 2018 मध्ये पुणे पोलिसांनी त्याला अटक केली. 2022 मध्ये तो मरण पावला, तपास पुढे सीबीआयकडे गेला. दर महिन्याला ठराविक टक्के देईन म्हणणारा भावाच्या चढउतारावर कमवत नसतो. तो नव्या माणसाचे पैसे जुन्याला देत असतो.

फसवणूक नसतानाही धोका राहतो. जुलै 2024 मध्ये वझीरएक्स या मुंबईतल्या कंपनीतून 2,000 कोटींच्या आसपासची चोरी झाली आणि ग्राहकांचे पैसे अडकून पडले. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा असतो, कॉइनला तो नाही. नफ्यावर 30 टक्के कर आहे. एका कॉइनमधला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजाही करता येत नाही.

शरीर काय सांगते?

शेअर बाजार दुपारी साडेतीनला बंद होतो. हा बाजार रात्री दोनलाही चालू असतो. म्हणून माणूस झोपेतून उठून भाव पाहतो. कधी वाढ दिसते, कधी घट, आणि जुगारासारखी सवय लागते. झोप तुटली की चिडचिड होते, छाती धडधडते, रक्तदाब आणि साखर आटोक्यात राहत नाही. पैसे कमी पडले म्हणून गोळ्या बंद करणारेही असतात. तसे कधीच करू नका. सरकारी दवाखान्यात या गोळ्या मोफत मिळतात.

आमचे सांगणे एवढेच आहे. कर्ज काढून, गटाचे पैसे वापरून किंवा दागिना मोडून कॉइन घेऊ नका. घेतलेच असतील, तर किती घातले ते घरच्यांना आजच सांगा. लपवलेल्या तोट्याची भरपाई करायला माणूस आणखी कर्ज काढतो. रात्री मोबाईल उशापासून दूर ठेवा. फसवणूक झाली असेल तर ताबडतोब 1930 वर फोन करा. जितका उशीर होईल तितके पैसे थांबवणे अवघड होते.

घरातला कोणी अबोल झाला, जेवेनासा झाला, “आता जगण्यात अर्थ नाही” असे बोलू लागला, तर त्याला हिशेब विचारत बसू नका. त्याला एकटे सोडू नका. 14416 या टेलिमानस क्रमांकावर रात्री-अपरात्रीही मोफत बोलता येते, मराठीतही. हा क्रमांक विहारातल्या फळ्यावर लिहून ठेवा.