पाणवठ्यावरची शिरगणती

भंडारा जिल्ह्याला समुद्र नाही, तरी काठांची वाण नाही; कोहळी समाजाने बांधलेले आणि 1950 च्या कायद्याने मालगुजारी गेल्यावरही ‘माजी मालगुजारी’ हेच बिरुद सरकारदप्तरी मिरविणारे तलाव येथे गावोगाव आहेत. वैशाखात ते आटत चालले आणि रानातले गवत वाळून पिवळे पडले, म्हणजे उरल्यासुरल्या पाण्याच्या काठी श्वापदे मोजण्यासाठी बुद्धपौर्णिमेची रात्र मुक्रर असते. 2013 साली अभयारण्य झालेल्या कोक्याच्या जंगलात, अशाच एका पाणवठ्यालगतच्या मचाणावर, एका वनरक्षकाच्या सोबतीने मी ती रात्र काढली.

वाघांची गणती आता स्वयंचलित कॅमेऱ्यांकडे गेली असून वनखाते या रात्रीला ‘निसर्गानुभव’ असे सौम्य नाव देते. परंतु प्रपत्र, त्यातील रकाने आणि ते भरणाऱ्याची विवंचना पूर्वीचीच आहे.

पाहणे सुकर, मोजणे दुष्कर. तिन्हीसांजेला चितळांचा कळप आला, प्याला, गेला, तासाभराने पुन्हा कळप आला, तेव्हा मी उत्साहाने बोटांवर मोजू लागलो, तो वनरक्षक हलकेच म्हणाला, “मघाचाच आहे जी. त्या नराचं डावं शिंग तुटलं आहे.” कोणत्या दिशेने आले, किती वाजता, कोठे गेले, नर किती, माद्या किती, पाडसे किती, हे सारे तो चांदण्यातच टिपून घेत होता. शेजारचे नागझिरा अभयारण्य 1999 च्या जिल्हाविभाजनात बव्हंशी गोंदियाकडे गेले, पण जनावरे ती हद्द मानीत नाहीत. तेथे पाणी प्यालेले जनावर उद्या येथे येऊन दुसऱ्यांदा मोजले जाऊ नये, म्हणून सर्वत्र एकाच रात्री बसावयाचे.

मध्यरात्रीनंतर रानडुकरे चिखलात लोळून गेली, एक सांबर बराच वेळ कान टवकारून उभे राहिले आणि न पिताच परतले. मग मोहाच्या झाडावरून वानराचा खकार उठला, त्याला पलीकडून चितळाने तीव्र स्वरात साथ दिली, आणि तो इशारा नाल्याच्या कडेकडेने, जणू कोणी पावले टाकीत आहे अशा संथ क्रमाने, उत्तरेकडे सरकत जाऊन थांबला. वनरक्षकाने पेन्सिल खाली ठेवली.

“आला होता जी. पण दिसला नाही, तर लिहायचा नाही.”

उजाडल्यावर त्याने बेरजा केल्या, बिबट व वाघ यांच्या रकान्यांत ‘निरंक’ असे सुवाच्य अक्षरांत लिहिले, आणि साक्षीदार म्हणून खाली माझी सही घेतली.